काचेवर पट्टी लावून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माशांच्या टाकीतलं पाणी आटलं की वरून कुठलं पाणी घालायचं, एवढाच प्रश्न होता. तुमच्याआधी त्याचं धड उत्तर कुणी दिलं नाही. नवे मासे दोन दिवसांत मरतात आणि जुने ठणठणीत राहतात, असं सांगितलं की औषधाची बाटली पुढे यायची. आधी बुरशीचं औषध, मग जिवाणूंचं. टाकीत रोज काय ओतलं जातं, हे विचारायची तसदी एकानेही घेतली नाही. राग अजून गेलेला नाही, कारण त्यात जीव गेले.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, एकदा टाकीत आणि एकदा नळाच्या पाण्यात बुडवलात, आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिलेत. दुसरं काही समजावायची गरजच उरली नाही. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. क्षार सगळे मागे राहतात. १०० लिटरच्या टाकीतून आठवड्याला ५ लिटर आटलं आणि तेवढं ३०० पीपीएमच्या (लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या) नळाच्या पाण्याने भरत राहिलं, तर दर आठवड्याला साधारण १५ पीपीएमची भर पडते. मधे पाणी बदललं नाही, तर २० आठवड्यांत टाकीतला ३००चा आकडा दुप्पट होतो. जुने मासे हळूहळू सरावतात. बाहेरून आलेल्या माशाला तो फरक एका दमात सोसावा लागतो आणि तिथेच तो जातो. म्हणून भर घालायला आरओचं, म्हणजे क्षार गाळून काढलेलं पाणी, आणि पाणी बदलताना क्लोरीन काढलेलं नळाचं. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट काही वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे नुसती भर घालून भागत नाही, हेही तुम्ही बजावलंत. चढलेला टीडीएस एकदम उतरवू नका, थोडंथोडं पाणी बदलत काही आठवड्यांत खाली आणा, हे सांगितलंत म्हणून उरलेले मासे वाचले.

पण खरे आभार त्या पट्टीचे. निघता निघता तुम्ही चिकटपट्टीचा बोटभर तुकडा काचेवर नेमका पाण्याच्या रेघेला लावलात, टाकीची लांबी-रुंदी मोजलीत आणि त्यावर पेनाने लिहिलंत: ‘१ सेंमी = १.८ लिटर’. ६० बाय ३० सेंमीची टाकी, हिशोब सोपा आहे. पण तो करून द्यायचं कुणाला सुचलं होतं? आता किती आटलं ते बघताक्षणी कळतं. पाणी बदलायच्या दिवशी आधी आरओने पट्टीपर्यंत भरायचं आणि मगच चौथा हिस्सा काढायचा, नाहीतर आटलेलंही नळाच्याच पाण्याने भरलं जातं. हवा तशीच असताना पातळी नेहमीपेक्षा भराभर उतरली, तर सांध्यातून गळती आहे का ते लगेच तपासता येतं.

ना कुणी मागितलं होतं, ना त्याचे पैसे घेतलेत. आपलं ज्ञान दुसऱ्याच्या हाती वापरता येईल असं ठेवून जाणारी माणसं आहेत, म्हणून हा छंद नवख्यांना झेपतो. औषधं खपवणाऱ्यांपेक्षा अशा माणसांची आठवण जास्त काढली पाहिजे.

आणि हीटरबद्दल वेगळे आभार. पातळी त्याच्या किमान खुणेखाली गेली की हीटरची काच उघडी पडून तापते आणि वरून गार पाणी पडताच तडकू शकते. भर घालण्याआधी हीटर बंद करून थोडा निवू द्यायचा, पाणी टाकीच्या तापमानाला आणायचं आणि बारीक नळीने सावकाश सोडायचं. हे तुम्ही न विचारता सांगितलंत. त्या टाकीतल्या प्रत्येक जिवाच्या वतीने मनापासून धन्यवाद.

तुमचा ऋणी,
एक मत्स्यपालक