न्यूट्रलवर फ्यूज ठेवल्याने घरात ३०० व्होल्ट. भरपाई व दुरुस्तीबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दांडिया बाजार, वडोदरा
दि. १६ जून

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या घरी मीटरपासून पुढचं थ्री फेजचं सगळं काम तुमच्या कंपनीने केलं. तीन मजले, तीन जावांची बिऱ्हाडं. प्रत्येक मजल्याला एक फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तिघींत मिळून एक. या रचनेबद्दल माझी तक्रार नाही. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असले तरी फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च मिळतात, घराला तेच लागतात. पण ते २३० टिकतात न्यूट्रलच्या भरवशावर, आणि नेमकी तिथेच तुमच्या माणसांनी हयगय केली.

८ जूनच्या रात्री तळमजल्यावर धाकट्या जाऊबाईंकडे एसी लागला आणि त्यांचे पंखे मंदावले. त्याच क्षणी पहिल्या मजल्यावर आमच्या देवघरातला साधा बल्ब डोळे दिपतील इतका लख्ख झाला आणि उडाला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर आमचा फ्रिज आणि वरच्या मजल्यावरचा टीव्ही गेला होता. सासूबाईंचं इन्सुलिन रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या वायरमनने खाली इस्त्री आणि वर दोन-तीन बल्ब एवढंच जोडून क्षणभर मोजलं: खाली १००, आमच्याकडे ३०५, वर ३२९. मीटरपाशी मात्र तिन्ही फेजवर २३०च्या आसपास. मग त्याने न्यूट्रलवरचा किटकॅट (चिनीमातीचा फ्यूज-होल्डर) काढून दाखवला. आतली फ्यूजची तार जळून तुटली होती. न्यूट्रलवर असा सुटा फ्यूज ठेवायचाच नसतो. तो उडाला की फेज तसेच चालू राहतात आणि मजले एकमेकांच्या लोडमधून, म्हणजे चालू उपकरणांमधून, जोडले जातात. जिथे लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं.

तुमच्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आलं, “वरूनच व्होल्टेज जास्त आलं असेल.” वरून, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमधून, जास्त आलं असतं तर तळमजल्यावरचे पंखे मंदावले कसे? शेजारी कुणाचं काहीच कसं गेलं नाही? तारेचे आणि जळक्या किटकॅटचे फोटो सोबत जोडले आहेत.

फ्रिज आणि टीव्हीच्या दुरुस्तीची बिलंही जोडली आहेत, ती रक्कम पूर्ण मिळावी. किटकॅट काढून न्यूट्रल सलग जोडावा, चारही तारा एकदम तोडणारा फोर पोल एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बसवावा आणि प्रत्येक मजल्याला जादा व्होल्टेजपासून संरक्षण द्यावं. दुरुस्तीनंतर तिन्ही मजल्यांवरचं व्होल्टेज आमच्यासमोर मोजून लिहून द्यावं. १५ दिवसांत हे झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणखी एक, आणि हे मला भरपाईइतकंच महत्त्वाचं वाटतं. याच टोळीने आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत काम केलं आहे. एका घरात आजी-आजोबा दोघेच राहतात. तिथले न्यूट्रल या आठवड्यातच तपासा, आमच्या उत्तरासाठी थांबू नका.

आपली,
पहिल्या मजल्यावरची ग्राहक
(बिलाची प्रत सोबत)