पोस्टमनच्या हातातला मोबाईल

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

बालवाडीपासूनच मुलांना सामाजिक शास्त्रांची ओळख करून द्यावी, असे सुचवणारा आपल्या पुरवणीतला लेख काल दोनदा वाचला. पहिल्यांदा तो पटला म्हणून, आणि दुसऱ्यांदा, पटूनही चीड का आली हे शोधण्यासाठी. लेखिकेच्या हेतूविषयी शंका नाही. मात्र 'आपले मदतनीस' हा पाठ मुलांना वर्कशीटवरून छान समजतो, हे त्यांनी एकदा माझ्या नातीला येऊन सांगावे.

नात साडेपाच वर्षांची, सीनिअर केजीत. गेल्या महिन्यात तिला मिळालेल्या कागदावर खाकी कपडे घातलेला, टोपीवाला पोस्टमन होता आणि त्याचा उजवा हात रिकामा होता. त्या हातात काय हवे ते काढून रंगवायचे होते. तिने मोबाईल काढला आणि त्याच्या पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी पाकिटाचे चित्र काढून दिले. आमच्या दारी स्पीड पोस्ट घेऊन येणारा पोस्टमन मोबाईल पुढे करतो आणि मी त्यावर बोटाने सही करतो, हे या मुलीने माझ्या धोतराला धरून कितीदा तरी पाहिले आहे. ती रेघ म्हणजे माझी सही होती. हे मी शाळेत जाऊन शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले, तेव्हा उत्तरसूचीत पाकीटच दिले आहे, असे मला ऐकवण्यात आले. पोस्ट शाळेपासून दहा मिनिटांवर आहे, मी 34 वर्षे टपाल खात्यात होतो, वर्गाला तिकडे घेऊन जातो, असेही सुचवून पाहिले. पण आधी सुरक्षेचा प्रश्न निघाला आणि मग पोर्शनचा.

1986 च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी सब-पोस्टमास्तर असताना तिथल्या बालवाडीच्या बाई दरवर्षी वीस-बावीस मुले घेऊन येत. मुलांना स्टुलावर उभे करून मी रद्दी कागदावर तारखेचा शिक्का मारू देत असे (नियमात बसत नव्हते, आता सांगायला हरकत नाही). प्रत्येक मूल 15 पैशांच्या पोस्टकार्डावर चित्र काढी, बाई पत्ता लिहीत आणि ते कार्ड मूल स्वतःच्या हाताने पेटीत टाकी. एका वर्षी तिसऱ्या दिवशी एक मुलगा आईला घेऊन तक्रार करायला आला, कारण सगळ्यांची कार्डे पोचली होती, फक्त त्याचे राहिले होते. तो वीटभट्टीवर राहत होता. ना घराला नंबर, ना गल्लीला नाव. शेवटी पोस्टमनने भट्टीसमोरच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर ते कार्ड पोचवले. पुढच्या भेटीत बाईंनी मुलांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की आपल्यापैकी कोणाकोणाच्या घराला पत्ता नाही. याला सामाजिक शास्त्र म्हणायचे की नाही, ते तज्ज्ञांनी ठरवावे.

लेखात 2020 च्या शैक्षणिक धोरणाचा दाखला आहे. मग 2022 साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना चाचण्या-परीक्षा पूर्णपणे गैरलागू मानल्या आहेत, ते का सांगितले नाही? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे शेवटी भक्तिभावाने आली, तेही बरेच झाले. पण 1945 साली बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या या दोघींनी, मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. आमच्या शाळेला मुले फाटकाबाहेर नेणेही जड जाते. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर आपण पूर्व-प्राथमिक प्रवेशाची पानभर जाहिरात छापली आहे, त्यात दीड वर्षाची मुलेही टोपी-गाऊन घालून उभी आहेत.

जाता जाता आणखी एक. नातीच्या वर्गाला आता थर्माकोलची लाल टपालपेटी करून आणायची आहे, म्हणजे अर्थात मला करायची आहे. आमच्या कोपऱ्यावरची खरी पेटी रस्त्याच्या काँक्रिटीकरणात उखडली गेली, ती दोन वर्षे परत बसलेली नाही. त्याबद्दल मी आपल्याला दोन पत्रे पाठवली, दोन्ही छापली गेली नाहीत. हे तिसरे पत्र मुख्य पोस्टापर्यंत चालत जाऊन टाकत आहे. जागेअभावी काटछाट करायची झाल्यास धोरणाचा परिच्छेद गाळावा, मोबाईलचा गाळू नये.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर, सांगली