विषय : इजिप्तमधल्या सिनाईतील ‘सुफी एकांत’ सहलीबाबत तक्रार, अंशतः परतावा आणि वाटाड्यांची थकलेली मजुरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

महोदय,

९ ते १६ नोव्हेंबर २०२४ या काळात तुमच्या ‘वाळवंटातील सुफी एकांत’ सहलीला मी आले होते. माणशी १,६८,००० रुपये, तेही तीन महिने आधी भरलेले. परतल्यावर तुमच्या ऑफिसात दोनदा फोन केला. पहिल्यांदा ‘फीडबॅक फॉर्म भरा’ म्हणाले, दुसऱ्यांदा फॉर्मवर किती तारे दिलेत तर बरं पडेल तेही सांगितलं. माझं म्हणणं ताऱ्यांत मावत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जे खटकलं नाही ते सांगते. तुमच्या पत्रकावर नारिंगी वाळूच्या टेकड्या आहेत. दक्षिण सिनाईत, सेंट कॅथरीनच्या भागात, तशी वाळू नाही. आहेत ते तांबूस ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर. फोटो कुठून उचललात ते तुम्हीच जाणे. पण ते डोंगर पाहून माझी काहीच तक्रार राहिली नाही. तक्रार आहे ती सामानाच्या यादीबद्दल, कारण यादीत ‘हलके सुती कपडे’ लिहिलं होतं. ते गाव दीड हजार मीटरहून उंचावर, आणि महिना नोव्हेंबर. रात्री दात वाजायला लागले. तुम्ही दिलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये थंडी माझ्याआधीच जाऊन बसली होती. आमच्या बेदुईन (वाळवंटी टोळीतल्या) वाटाड्यांनी अंगातला मेंढीच्या कातडीचा जाड कोट काढून माझ्यावर टाकला आणि स्वतः शेकोटीजवळ बसून रात्र काढली. साठीच्या पुढचे गृहस्थ. मला सबंध रात्र लाज वाटत होती. खरं तर ती तुम्हाला वाटायला हवी.

आता मुख्य मुद्दा. पत्रकात पाच रात्री उघड्यावर, जास्तीत जास्त दहा माणसं, मौन आणि ‘सुफी परंपरेतील शेखांच्या मार्गदर्शनाखाली खलवा’ असं छापलं आहे. आम्ही होतो एकवीस जण. उघड्यावर रात्री मिळाल्या दोन. बाकी तीन शर्म अल शेखच्या हॉटेलात, तरणतलावाच्या काठी. आणि शेख, म्हणजे सुफी गुरू, म्हणून समोर आले ते तुमचेच मुंबईचे प्रशिक्षक, गळ्यात माळ आणि कॉलरला माइक.

मी लहानपणी खुलताबादला वाढले. दर्ग्यातला उरूस, पहाटेचा झिक्र (अल्लाचं नामस्मरण), कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली माणसं मी पाहिलेली आहेत. इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस तोंड मिटून काढलेत. तेव्हा खलवा म्हणजे एकट्याने बसणं, एवढं मला कळतं. तुमच्या प्रशिक्षकांनी आम्हाला स्पीकर लावून गरगर फिरवलं. तसं फिरणं तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मेवलेवी सुफी पंथातलं, तिथले दरवेश ते वर्षानुवर्षं शिकतात. सिनाईच्या दगडांवर, बूट घालून, पंधरा मिनिटांत ते होत नाही. आमच्यातल्या एका काकूंना चक्कर येऊन मनगट मुरगळलं. शर्मच्या हॉटेलात ‘सुफी समा’ (सुफींची संगीत-साधना) म्हणून दाखवलात तो तनूरा, म्हणजे घागरा घालून गरगर फिरण्याचा करमणुकीचा नाच, तोही घागऱ्यात एलईडी दिवे लावलेला, बुफेच्या रांगेशेजारी. नाचणारा पोरगा मेहनती होता, त्याला दोष नाही. पण लग्नातल्या ऑर्केस्ट्राला कुणी कीर्तन म्हणत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार जबल मूसा या डोंगरावर झाला. २,२८५ मीटर उंची, मध्यरात्री निघून अंधारात चढायचं. वर एक लहान चर्च आणि एक लहान मशीद आहे, निरनिराळ्या देशांतले लोक सूर्योदयाची वाट पाहत गप्प बसलेले. तिथे तुमच्या माणसाने ब्लूटूथवर कव्वाली लावली आणि रील काढायला सुरुवात केली. आमच्या वाटाड्यांनी हाताने खूण करून ‘बंद करा’ म्हटलं. उत्तर मिळालं, ‘तुम्ही उंटांचं बघा.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांची टोळी जबालिया. डोंगराखालच्या सहाव्या शतकातल्या ख्रिस्ती मठाशी त्यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि आपले पूर्वज जस्टिनियन बादशहाने मठाच्या राखणीला धाडले होते असं ते सांगतात. त्यांनी उंटांचं बघायचं, आणि डोंगराचं बघणार कोण, तर आपण!

मला एकांत मिळाला तो दुसऱ्या रात्री, आणि तो तुमच्या वेळापत्रकात नव्हता. तेच वाटाडे आम्हा तिघांना छावणीपासून दूर एका वादीत, म्हणजे कोरड्या दरीत, घेऊन गेले. आधी कणीक मळली, निखारे बाजूला सारून तापल्या जमिनीत जाड भाकर पुरली, वर निखारे ओढले. तिला लिब्बा म्हणतात. थोड्या वेळाने काढून काठीने बडवली, राख उडाली, मग मोडून दिली. मला मराठवाड्यातले गोवरीवरचे रोडगे आठवले. वर हबक नावाचा सुगंधी पाला घातलेला गोड चहा. मग ‘बसा’ म्हणाले आणि स्वतः वीस-तीस पावलांवर पाठ करून बसले. दोन तास कुणी बोललं नाही. परतताना मी विचारलं, तुम्ही सुफी आहात का? हसले. म्हणाले, आजोबा नबी सालेह या पैगंबरांच्या दर्ग्यावर मंडळींत बसायचे, मी उंट पाळतो.

याच माणसाचा फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर ‘आमचे बेदुईन सुफी गुरू’ म्हणून टाकलात. त्यांना विचारलं नव्हतं. मी दाखवला तेव्हा ते फोनकडे बघतच राहिले. आणि शेवटच्या दिवशी कळलं की त्यांना आणि तीन उंटवाल्यांना अर्धीच मजुरी मिळाली आहे, उरलेली ‘भारतातून पाठवू’ असं सांगितलंय. फोटो पूर्ण वापरला, पैसे अर्धे.

मला मिळालेल्या दोन रात्रींचे पैसे मी परत मागत नाही. न मिळालेल्या तीन रात्रींचे आणि कधीच न भेटलेल्या शेखांचे, मिळून ६०,००० रुपये परत करावेत. त्याआधी वाटाड्यांची आणि उंटवाल्यांची बाकी चुकती करून त्यांची पोच मला दाखवावी. हे आधी, माझं नंतर. तो फोटो आजच काढावा. पत्रक दुरुस्त करावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि मी निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे.

सोबत पावती, पत्रक आणि त्या पोस्टचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

आपली,
(सही)
कोथरूड, पुणे
२ डिसेंबर २०२४

ता. क. : तो मेंढीच्या कातडीचा कोट सकाळी गडबडीत माझ्या सामानात आला. शर्मला तुमच्या सहल व्यवस्थापकांच्या हाती परत पोहोचवायला दिला होता. पोहोचला का, एवढं तरी कळवा. तिकडे आता थंडी वाढली असेल.