दोष फक्त पावसाचा?

महोदय,

छोट्या विमानाला उतरताना अपघात झाला की 'पावसामुळे' एवढं लिहून बातमी संपते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट हे छोटं जेट विमान मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना बाजूला घसरून मोडलं. आतले आठही जण वाचले, हे नशीबच. मुसळधार पाऊस होता, दृश्यमानता ७०० मीटर. पण मुंबईला असा पाऊस काय नवा?

धावपट्टीची वाट रेडिओ संकेतांनी दाखवणाऱ्या यंत्रणेच्या आधाराने वैमानिक साधारण २०० फुटांपर्यंत खाली येतो. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तर पुन्हा वर जायचं असा नियम आहे. दिसली तरी खरी परीक्षा पुढच्या काही सेकंदांची. वेग जरा कमी पडला, नाक जास्त उचललं गेलं, की पंख विमानाला धरून ठेवत नाहीत आणि सावरायला खाली उंचीच उरलेली नसते.

कुर्ल्याला आमच्या गच्चीवरून पावसात आधी आवाज येतो, मग ढगातून एकदम उघडलेली चाकं. लहान विमान असलं तर ते वाऱ्यात डुलताना स्पष्ट दिसतं. (बायको म्हणते, आधी दोरीवरचे कपडे काढा.)

भाड्याच्या विमानातलं गिऱ्हाईक बहुधा घाईत असतं. न उतरता परत वर गेलेल्या वैमानिकाला नंतर कुणी जाब विचारतं का, हेही चौकशीत तपासलं जावं. आणि अपघात तपासाचे अहवाल इंग्रजीत असतात, त्यांचा मराठी गोषवारा आपण छापावा, ही विनंती.

– एक वाचक, कुर्ला (पश्चिम)