मनू, दादाच्या घराबद्दल

मनू,

काल तू फोन ठेवलास त्यानंतर मी बाबांना म्हटलं आता मी तिला फोन करत नाही, लिहिते. फोनवर आपण दोघी एकमेकींच्या अंगावर जातो आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. "तुम्ही दादाला टाकताय" हे तुझं वाक्य मी मनावर घेतलेलं नाही असं लिहिणार होते पण खोटं कशाला बोलू, घेतलंय. असो.

तुला मावशीकडून अर्धवट कळलंय म्हणून आधी हे सांगते की अजून काहीच ठरलेलं नाहीये. चर्चच्या लोकांनी ते घर सुरू केलंय ना, तिथे डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या दादासारखे चौघं राहतात आणि दोन असिस्टंट, जे तिथेच झोपतात, तिथेच जेवतात, ड्यूटी संपली की निघून जाणारे नाहीत. दादा तिथे अधूनमधून शनिवार-रविवार राहून येतो. एवढंच. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे आणि मला तू त्या मीटिंगला हवी आहेस. बाबांना नको वाटतंय तुला त्रास द्यायला, मला वाटतं द्यावा.

तू म्हणतेस तो माझ्याकडे राहील. राहील गं, मला माहितीये तू ठेवशील, आणि याचा अभिमान वाटत नाही असं नाही. दुसरीत होतीस तेव्हा त्या मुलाने दादाची नक्कल केली म्हणून त्याचा डबा उलटा करून आली होतीस, मी वरवर रागावले आणि आत जाऊन बाबांना हसत सांगितलं. पण म्हणूनच मला नको आहे. तू लहानपणापासून त्याची बहीण कमी आणि बॉडीगार्ड जास्त होतीस, बर्थडेला बोलावलं की आधी विचारायचीस "दादालाही बोलावलंय का". आता तुझी नोकरी आहे, उद्या लग्न करशील नाहीतर नाही करशील, तुझा प्रश्न, पण प्रत्येक वेळी आधी दादाचं काय हे विचारून मग स्वतःचं ठरवायचं हे काही खरं नाही, आणि समोरच्यालाही पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगायला हवं, लपवून ठेवलं की नंतर... बघ, झालं सुरू. सॉरी. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवून बसले होते.

मूळ गोष्ट ही की तो आमच्यानंतरही राहणार आहे. तो झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते फार आशा ठेवू नका. तेव्हाचं तसंच होतं, अमेरिकेतसुद्धा १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं धरायचे, आज ते साठच्या आसपास गेलंय. हृदयाची ऑपरेशनं व्हायला लागली, मुलं संस्थांमध्ये टाकणं कमी झालं, त्यातून हे झालं. मी कित्येक वर्षं देवाकडे फक्त त्याचं आयुष्य मागितलं, दुसरं काही नाही. ते दिलं त्याने. आणि आता रात्री झोप उडते ती त्याच आयुष्याच्या हिशोबाने. त्यात चाळिशीनंतर या मुलांना विसरायचा आजार आपल्यापेक्षा फार लवकर गाठतो, तो आज जे सांगतोय तेही उद्या सांगता येईल की नाही कोण जाणे.

म्हणजे बघ, आलेच मी तिथे. त्याला काही झालं तर तो सांगेल कसा. त्या घरातली माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचंच नाहीये, चांगली आहेत, त्या असिस्टंट मुलीला तर दादा हसला की नक्की कशाला हसला हेही कळतं. पण तुला आठवतं ना दाढ दुखत होती तेव्हा? एक शब्द बोलला नाही. फक्त चर्चमध्ये गाणं बंद केलं, गीतांचं पुस्तक नेहमीसारखं उघडून (उलटं) धरायचा आणि नुसता उभा. आणि उशी डाव्या कुशीवरून उजवीकडे गेली. मला कळायला किती वेळ लागला, आणि मी त्याची आई आहे. तिथे त्याच्या उशीकडे कोण बघणार?

आणि विचारलं तर काय, तो सगळ्याला हो म्हणतो. परवा तिथून आला तर मी विचारलं आवडलं का, हो. भीती वाटली का, हो. मित्र भेटला का, हो. कोणी मारलं का, हो. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मग पाणी पिऊन बसले आणि विचारलं, तिथे हत्ती आला होता का? हो म्हणाला, खूश होऊन. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या हे फार कॉमन आहे, समोरच्याला खूश ठेवायला हो म्हणायची सवय लागलेली असते, म्हणून हो-नाहीचे प्रश्न विचारायचेच नाहीत, फोटो ठेवायचे, त्यातून त्याला निवडू द्यायचं. तसं केलं. त्याने तिथल्या जेवणाच्या टेबलाचा फोटो उचलला आणि मला देईना. मीटिंगला तो फोटो घेऊन जाणार आहे मी.

तुझं दुसरं म्हणणं, की देवाच्या नावाने चालतं तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. यावर मला तुझा राग आला कारण हेच माझ्याही मनात होतं. मी बसून बरंच वाचलं. लार्श म्हणून आहे ना, ज्याच्या धर्तीवर हे घर काढलंय, ते फ्रान्समध्ये १९६४ ला ज्याँ व्हानियेने सुरू केलं, एका खेड्यात साधं घर घेतलं आणि संस्थेतल्या दोन माणसांना घेऊन त्यांच्यासोबत राहायला लागला. त्यांची सेवा करायला नाही, त्यांच्याबरोबर राहायला. जगभर दीडशेच्या आसपास असे समुदाय झाले. लोक त्याला जिवंतपणीच संत म्हणायचे. २०१९ ला तो गेला आणि २०२० मध्ये बाहेर आलं की त्याने सहा बायकांचं शोषण केलं होतं, अध्यात्माच्या आडून, आणि २०२३ च्या रिपोर्टमध्ये तो आकडा किमान २५ झाला. त्यातल्या पहिल्या सहा जणींपैकी कोणीही दादासारखी नव्हती. बोलता येणाऱ्या बायका होत्या मनू. तरी इतकी वर्षं गेली. मी ते वाचून उठले आणि नुसती घरात फिरत राहिले, की मग आमच्या मुलाचं काय.

पण त्यातच एक गोष्ट मला पटलीसुद्धा. ही चौकशी लार्शवाल्यांनी स्वतःच बाहेरच्या लोकांकडून करून घेतली आणि स्वतःच जगापुढे ठेवली, आपल्या संस्थापकाविरुद्ध. आणि घरं बंद नाही पडली, कारण ती त्याच्यामुळे नाही तर आत राहणाऱ्यांमुळे चालतात. तर मला आता संत नकोच आहेत. मला रजिस्टर हवंय. रात्री कोण जागं असतं, आंघोळीला मदत कोण करतं आणि तेव्हा दुसरं कोणी जवळपास असतं का, बाहेरचं माणूस न सांगता कधी येऊन बघतं का, दादाचे पैसे कोणाच्या सहीने निघतात, असिस्टंट किती दिवसांनी सोडून जातात कारण याला माणूस गेलं की महिनाभर दाराकडे बघत बसायची सवय आहे, आणि ज्याला बोलता येत नाही त्याने तक्रार करायची कशी. हे सगळं मी फादरना विचारलं. बाबा टेबलाखालून मला पाय मारत होते. फादर जरा गप्प झाले आणि म्हणाले शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाहीये, तुम्ही आम्हाला लिहायला मदत कराल का. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं तर मला इतकं बरं वाटलं नसतं.

अजून एक विचारलं ते बाबांना अजिबात आवडलं नाही, की दादाला एखाद्या दिवशी प्रार्थनेला बसायचं नसेल तर? त्याचा देव त्याचा आहे, त्याला तो जबरदस्तीने नको. फादर म्हणाले नाही बसला तरी चालेल. बघू.

तुला वाटतं परकी माणसं घरच्यासारखं करूच शकत नाहीत. बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे, संत डिम्फनाच्या दर्शनाला लोक आपली आजारी माणसं घेऊन यायचे, चर्चमध्ये जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतलं, आणि ते शेकडो वर्षं चालू राहिलं. वेडे म्हणून टाकलेले, मतिमंद म्हणून टाकलेले, सगळे. १९३० च्या दशकात साडेतीन हजारांहून जास्त माणसं तिथल्या कुटुंबांत राहत होती. म्हणजे जमतं. सगळ्यांना जमतं असं नाही.

आणि देवाची माणसं म्हणजे सगळं गोड असंही मी मानत नाही, आपल्याला काय कमी अनुभव आलेत का. दादाचं बोलणं "इतरांच्या भक्तीत व्यत्यय" आहे म्हणून काचेमागच्या खोलीत बसायला सांगितलेलं चर्चही आपण पाहिलंय, त्या दिवशी बाबा गाडीत रडले होते, तू झोपली होतीस मागे. फ्रान्समधल्या एका जोडप्याचंही तसंच झालं, दोन्ही मुलं अशी, तीर्थयात्रेला ग्रुपमध्ये घ्यायला नकार, स्वतःच गेले लूर्दला तर हॉटेलवाले म्हणे जेवण खोलीतच घ्या. त्यातूनच १९७१ च्या ईस्टरला लूर्दमध्ये १२,००० लोक जमले, अशी मुलं, त्यांचे आईबाप, मित्र, आणि फेथ अँड लाइट नावाची चळवळ सुरू झाली. आपला महिन्याचा ग्रुप त्याच पद्धतीचा, ज्याला तू "आईचा रडायचा क्लब" म्हणायचीस. रडतो खरं. पण तू होस्टेलला गेलीस त्या वर्षी मला तापाने उठवत नव्हतं तेव्हा दादाला रोज न्यायला आले ते याच क्लबमधले. प्रार्थना करू तुमच्यासाठी म्हणणारे खूप होते, गुरुवारी मी येतो म्हणणारे फक्त हेच. मी तेव्हापासून माणसं तशीच मोजते.

एरिक कार्टर नावाच्या अमेरिकन प्रोफेसरांचं काम ग्रुपमध्ये कोणीतरी दाखवलं, चर्च आणि इतर धर्मस्थळांत अशा माणसांना आपलेपणा कधी वाटतो यावर. नुसतं हजर असण्यापासून ते प्रेमापर्यंत त्यांनी दहा गोष्टी मांडल्यात, आणि त्यात एक आहे की तिथे तुमची गरज असायला हवी. हे मला फार लागलं. आपल्या घरात दादाची काय गरज आहे सांग? मी सगळं हातात देते. तिथे टेबल मांडायचं काम त्याचं आहे. आठ ताटं (फादर येतात म्हणून), आणि एकाशी एक लावत मोजतो, चुकलं तरी कोणी मधे हात घालत नाही, सगळे उपाशी उभे राहतात. मी दारातून बघत होते, माझे हात शिवशिवत होते. झालं की तो "बसा" म्हणतो आणि मगच बसतात. मनू, तो इतक्या मोठ्याने कधी बोललेला मी ऐकला नव्हता.

तरी रात्रीचं मला अजून जमत नाहीये. दिवसा तो बसा म्हणतो, रात्री काय म्हणेल.

तू त्याची बहीण राहा एवढंच मला हवंय. भेटायला जा, न सांगता जा, मुद्दाम अवेळी जा, त्याला आवडेल आणि त्यांनाही कळेल की या माणसाकडे बघणारं कोणी आहे. हे ओझं नाही का, तर आहे थोडं. तेवढं मी तुझ्यावर टाकतेय, आणि ते टाकण्याबद्दल सॉरी नाही म्हणणार.

त्याच्याबद्दल एक वही करतेय, त्यांना द्यायला. थायरॉइडची गोळी, कुठल्या आवाजाला घाबरतो, खोटं हसू कसं असतं, राग आला की कान कसा धरतो. तुला जे माहिती असेल ते पाठव, तुम्हा दोघांची ती खुणांची भाषा मला अर्धीच कळते. पोट दुखतंय याला तुमची काय खूण होती गं, मी विसरले की मला कधी माहितीच नव्हती? ती लगेच पाठव, मीटिंगची वाट नको बघूस.

बाबांचं बीपी बरंय. चिडली असशील तरी चालेल पण ये.

आई

ता.क. दाढेचं वहीत लिहायचंच राहिलं होतं. उशीचं पण. लिहिलं आत्ता.