सेंटच्या बाटलीआधी हात धुवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

गळाच्या मासेमारीवर कुठेही वाचा, आमिषाला लावायच्या सेंटचं कौतुक जरा अतीच असतं, म्हणून हे पत्र. लूरवर (म्हणजे नकली आमिषावर) दोन थेंब टाकले की मासे लांबून धावत येतात म्हणे! नवीन पोरं बाटल्याच बाटल्या जमवतात आणि मासा काय फिरकत नाही.

मुळात माशाच्या नाकपुड्या श्वासासाठी नसतातच, एका भोकातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं आणि त्या पाण्यात जे विरघळलंय त्याचाच त्याला वास येतो, मुख्य म्हणजे किडे-मांस यातून सुटणारी अमिनो ॲसिड्स, म्हणजे प्रथिनांचे घटक. तेलकट सेंट विरघळतच नाही, तवंग होऊन वर जातो आणि आपलं आमिष पडलंय तळाला, मग उपयोग काय? गार पाण्यात तर तेल अजून घट्ट होतं.

कॅटफिशची गोष्ट वेगळी, त्याच्या मिशांवरच नाही तर अंगभर चव कळणाऱ्या पेशी असतात, तो अंधारात, गढूळ पाण्यातही माग काढत येतो, त्यामुळे तळाला ठेवलेल्या आमिषाला सेंट जरूर लावा. पण झपझप ओढलेल्या स्पिनरवर (फिरत्या पात्याच्या लूरवर) मासा झडप घालतो ती डोळ्याने बघून आणि पाण्यातली थरथर जाणवून, तिथे वास घ्यायला वेळ कुणाला आहे?

सेंटचा खरा फायदा चावल्यानंतरचा. साध्या रबरी अळीला मासा टक् करून एकदा चावतो, रबर लागलं की थुंकतो आणि दोरी ढिली पडते. तीच अळी चवीची असली तर तोंडात धरून ठेवतो, दोरी हळूच एका बाजूला सरकायला लागते, तेवढ्यात झटका मारता येतो. मात्र मासा परत सोडणार असाल तर फार थांबू नका, गळ घशात गेला की सोडूनही तो जगेल याची खात्री नाही.

आणि हाताचं काय? माणसाच्या कातडीतल्या सेरीन नावाच्या अमिनो ॲसिडला सॅमन बिचकतो हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे, वर पेट्रोल, सनस्क्रीन, डासांचं क्रीम हे सगळं आपण त्याच हातांनी आमिषाला फासतो. (डीट हे डास पळवणारं रसायन असलेल्या क्रीमने तर रबरी अळ्या चक्क वितळतात.)

काही ठिकाणी जिथे फक्त कृत्रिम लूरची परवानगी असते तिथे सेंट लावलेला लूर खऱ्या आमिषातच धरतात, तेव्हा यावर पुढे काही छापलंत तर नियमांचाही उल्लेख करा ही विनंती.

आपला,
एक गळवेडा वाचक