फोन वळवणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. मूळचे सांगलीकडचे, आता इंग्लंडात सर्जन, आणि स्वतःच्या सुट्टीत येऊन इथे लुसाकाला झांबियाच्या डॉक्टरांना बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं शिकवता, वाचणाऱ्यांना एवढं पुरे. ऑपरेशन झालं तेव्हा नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, नाकात नळी आणि डोळ्यात पाणी, म्हणून आता लिहितेय.

आधी ज्यांचे आभार मानायचे नाहीत ते सांगते. दोन पाळ्यांच्या मधे अंगावरून जायला लागलं तेव्हा मी एका चकाचक प्रायव्हेट क्लिनिकमध्ये गेले होते. फी घेतली, टेबलावर घेऊन तपासलं मात्र नाही. "मेनोपॉज जवळ आलाय, होतं असं" म्हणून गोळ्या दिल्या, परत गेले तर परत गोळ्या, फक्त पाकिटाचा रंग वेगळा. शेवटी पकडलं कोणी तर सरकारी दवाखान्यातल्या नर्सने. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावलं, कॅमेऱ्याने फोटो काढून मलाच स्क्रीनवर दाखवला आणि म्हणाली, हे बरं दिसत नाही, बायोप्सी करायची.

हे व्हिनेगरचं काम इथे २००६ पासून चालू आहे, डॉ. पारहम नावाचे अमेरिकन सर्जन आणि झांबियाचे डॉ. म्वानाहामुंटू यांनी नर्सना शिकवून उभं केलं. या देशात एचआयव्ही खूप, आणि एचआयव्ही असलेल्या बाईला हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायचा धोका साधारण सहापट. आपल्या मुंबईत झोपडपट्ट्यांमधून टाटा हॉस्पिटलने हीच तपासणी साध्या आरोग्यसेविकांकडून करून घेतली होती आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते, हे मला इथे येऊन कळलं, काय म्हणावं!

पण सापडल्यावर ऑपरेशन कोण करणार? नुसती पिशवी काढणं वेगळं आणि कॅन्सरसाठी काढणं वेगळं. आजूबाजूचा भाग, लिम्फच्या गाठी सगळं काढायचं, आणि मधूनच जाणारी मूत्रवाहिनी सोडवून जपायची, ते एका कॅम्पात येऊन, फोटो काढून, निघून जाणाऱ्यांकडून कोणी शिकत नाही. तुम्ही लोक परत परत येता, मधल्या काळात व्हिडिओवर केसेस बघता, म्हणून माझं ऑपरेशन करणारी ती इथली डॉक्टर शिकली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दोघं राउंडला आलात. आमचे हे तुमचं आडनाव ऐकून इतके हरखले, आपला माणूस, आपला माणूस, आणि थेट मराठीत सुरू, "तुम्हीच करा ना डॉक्टर, शिकाऊ नको." वर पुण्याहून दीर व्हिडिओ कॉलवर, तेही तेच. ह्यांनी फोन तुमच्या तोंडासमोर धरला. तुम्ही दोन बोटांनी तो हळूच तिच्याकडे वळवला आणि इंग्लिशमध्ये म्हणालात, "सर्जन ह्या आहेत. मी समोर उभा राहून मदत करणार. विचारा त्यांना." आणि मग गप्प. पुढेसुद्धा ह्यांनी मराठीत काही विचारलं की तुम्ही उत्तर इंग्लिशमध्येच द्यायचात, ती बाजूला पडू नये म्हणून. ती दिराला कागदावर चित्र काढून दाखवत होती, मूत्रवाहिनी कुठून जाते, पोटाला काप केवढा, लघवीची नळी का ठेवणार. तुम्ही गाडी शिकवणाऱ्यासारखे, पाय ब्रेकवर पण हात मांडीवर. तिचा आवाज आधी जरा कापत होता, नंतर नाही. त्या रात्री मला झोप लागली ती त्यामुळे, गोळीने नाही.

मोठ्या सर्जनना स्वतः मागे उभं राहायला किती जमतं हो? आमच्या ओळखीतले कितीतरी मोठे लोक आठवले, ऑफिसातले, मंडळातले, घरातलेही, ज्यांना दुसऱ्याचं नाव पुढे करताना घशात काहीतरी अडकतं. चांगुलपणाला पैसा लागत नाही म्हणतात, पण मान सोडावा लागतो आणि तो पैशापेक्षा जड जातो लोकांना.

शेजारच्या खाटेवर चिपाटाहून बसने आलेल्या बाई होत्या, त्यांचं ऑपरेशनच्या पलीकडे गेलेलं, रेडिएशनसाठी थांबलेल्या. त्यांची बहीण बेडसायडर म्हणून, म्हणजे पेशंटजवळ राहणारी म्हणून, खाली चितेंगे (इथलं कमरेला गुंडाळायचं कापड) पसरून झोपायची आणि मला न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खायला घालायची. त्यांना वेळेत कोणी तपासलंच नव्हतं. त्या क्लिनिकवाल्यांचा राग मला माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त येतो.

माझे रिपोर्ट चांगले आले, गाठींमध्ये काही नाही. तपासणी तिच्याकडेच चालू आहे. आता तिच्या हाताखाली दोन ज्युनियर शिकतायत, परवा त्यातल्या एकाला तिने माझ्यासमोरच म्हटलं, "पेशंटला तू सांग." मी हसले, तिला कळलं का हसले ते.

म्हणजे पुढच्या फेरीला तुम्हाला इथे काम कमी असणार. मग एक संध्याकाळ आमच्याकडे जेवायला या, तिलाही बोलावते. मटण करीन, कांदा-लसूण मसाला आहे घरचा. आमचे हे मराठीत बोलतील, तुम्ही खुशाल इंग्लिशमध्ये उत्तरं द्या.

झिकोमो क्वांबिरी, म्हणजे इथल्या भाषेत खूप खूप आभार, डॉक्टर.